वीस गुंठ्यांचा सॉस

माझा आवाज मोठा आहे. बावीस वर्षं शाळेत शिकवतेय, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांपर्यंत पोचावा म्हणून वाढवलेला आवाज घरी आल्यावर काही कमी होत नाही. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे. तो म्हणतो, मशीनच्या आवाजाला निदान जेवणाची सुट्टी तरी असते. मला राग पटकन येतो, आनंद त्याहून पटकन होतो, आणि दोन्ही वेळी मी सारखीच ओरडते. सांगायची आहे ती गोष्ट टमाट्याच्या सॉसची, पण तिच्यात माझा आवाज मधे मधे येणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जानेवारीतला बुधवार होता. मधल्या सुट्टीत फोन वाजला, तो माझ्या भावजयीचा. माझा धाकटा भाऊ लासूर स्टेशनजवळ शेती करतो, त्याची ही बायको. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिनं आपणहून मला कधी फोन केला नव्हता. भाऊच फोन लावायचा, बोलून झालं की तिच्या हातात द्यायचा, मग ती म्हणायची, "बरं हाय ना, ताई?" मी दहा मिनिटं बोलायची, ती हूं हूं करायची. त्यामुळं स्क्रीनवर तिचं नाव बघून मी हातातला डबा तसाच खाली ठेवला. घरात काही बरंवाईट झालं असणार, असंच वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "टमाट्याचा सॉस घरी करता येतो का?"

हसावं की रागवावं कळेना. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. विहिरीजवळचं वीस गुंठे वावर तिनं भावाकडं मागून घेतलं होतं. बाकी सगळं रान भावाच्या मर्जीनं चालतं, कांदा, कापूस, गहू. एवढा एक तुकडा मला द्या, असं ती म्हणाली, आणि त्यानं हसत हसत दिला. रोपवाटिकेतून रोपं तिनंच आणली, तारा-बांबू तिनंच लावले, सुतळीनं एकेक झाड तिनंच बांधलं. टमाटे असे लागले की बांबू वाकले. आणि नेमका तेव्हाच भाव पडला. भाऊ म्हणाला, झाली की हौस, सोमवारी रोटा मारतो आणि कांदा लावतो. रोटा म्हणजे ट्रॅक्टरला लावायचं ते यंत्र, उभ्या पिकाचा दोन तासांत भुगा करतं.

तिनं म्हणे त्याला एकच गोष्ट सांगितली. रविवारी आपल्या रानात हुरडा आहे, तुम्ही तीस माणसं बोलावलीत. त्या दिवशी मी माझ्या टमाट्यांचा सॉस करून ठेवते. माणसांना आवडला तर वावर माझ्याकडं राहू द्या. भाऊ पुन्हा हसला आणि चालंल म्हणाला. आता बुधवार होता, आणि तिनं जन्मात सॉस केला नव्हता.

मला सॉस येतो का, हे तिनं विचारलंच नाही. ताईला येतच असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. मी आयुष्यात एकदाच सॉस केला होता, कुकरमध्ये, वाटीभर, आणि तो पोळीवरून ओघळून कोपरापर्यंत आला होता. पण मला असला चेव येतो की विचारू नका. भावाच्या त्या दोन्ही हसण्यांचा राग आला होता आणि हिनं मला फोन केला याचा आनंद मावत नव्हता. मी स्टाफरूम दणाणून सोडली. "अगं, एकदम सोपं आहे. टमाटे घेऊन उद्याच ये. असा सॉस करू की तो बोटं चाटत बसेल."

शाळेतून सुटले ती थेट शेजारी गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून एक भाभी राहतात. साठीच्या पुढच्या आहेत, बोलतात कमी, आणि त्यांच्यासारखा सॉस मी दुसरीकडं कुठंच खाल्ला नाही. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून एक बाटली भिंतीवरून आमच्याकडं येते आणि आठवड्यात संपते. भाभींनी शांतपणे सगळं सांगितलं. टमाटे पिकलेले हवेत, पण मऊ पडलेले नकोत. आधी शिजवायचे, गाळायचे, मग आटवायचे. खडा मसाला मलमलीच्या पोटलीत बांधून सोडायचा, वाटून घालायचा नाही, नाहीतर रंग काळपट होतो. साखर थोडी आधी, बाकीची शेवटी. मीठ आणि सिरका अगदी शेवटी. आणखीही त्या काहीतरी सांगत होत्या, "और मॅडम, बर्तन देख के लेना" असं काहीतरी, पण मी तोवर हो हो करत फाटकाबाहेर पडले होते. माझ्या डोळ्यापुढं माळ्यावरचं पितळी पातेलं आलं होतं.

ते पातेलं माझ्या आईनं माझ्या लग्नात दिलेलं. एवढं मोठं की आमच्या वास्तुशांतीला त्यात पन्नास माणसांचा भात झाला होता. नंतर ते माळ्यावर गेलं. नवऱ्याला शिडीवर चढवून मी ते खाली काढलं आणि चिंच-मिठानं घासून असं लखलखीत केलं की अंगणात ठेवल्यावर येणारा-जाणारा बघत होता. बाहेरून घासलं, आतून घासलं, दोन्ही हातांनी घासलं.

गुरुवारी सकाळी आठला बाजारात निघालेला एक छोटा टेम्पो आमच्या दारात थांबला. भावजय खाली उतरली, मागोमाग चार कॅरेट. मी दोन दिवसांची रजा टाकलीच होती. एक टमाटा हातात घेतला, तर रात्रीचा गारवा अजून त्याच्या अंगात होता. देठापाशी सुद्धा हिरवा डाग नाही, सगळे एका मापाचे, गच्च. बाजारात आपण उलटून पालटून निवडतो ना, इथं निवडायलाच काही नव्हतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. तिला ती अपेक्षित नसावी, कारण ती दचकली.

पातेलं अंगणात शेगडीवर चढवायच्या आधी तिनं ते आतून पुसायला घेतलं. पुसता पुसता ती थांबली. आत डोकं घालून बराच वेळ वाकून राहिली, मग माझ्याकडं बघितलं.

मी विचारलं, काय गं?

"काय नाय," ती म्हणाली, आणि पुसून झालं.

मग माझं राज्य सुरू झालं. टमाटे धुवायचे कसे, चिरायचे किती, शेगडी कुठं, पाणी किती नाही, सगळं मी सांगत होते आणि ती मुकाट्यानं करत होती. दोन कॅरेट चिरून पातेल्यात गेले. आलं, लसूण, चार कांदे, भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या. तासाभरात सगळ्याचा असा रटरटणारा लाल रस्सा झाला की मला नाचावंसं वाटलं. घरात पुरणयंत्र होतं, त्याच्यातून आम्ही सगळा गर फिरवून काढला. होळीशिवाय माळ्यावरून न उतरणारं ते यंत्र, आता त्यातून टमाट्याचा लाल गर पडत होता आणि सालं-बिया वर राहत होत्या. आमच्या दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी बोलतच होते. सोमवारी भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला तर त्याला काय सुनवायचं, त्याची वाक्यं सुद्धा मी म्हणून दाखवली.

गर पुन्हा पातेल्यात ओतला आणि आटायला ठेवला. दोन तास ढवळलं. आटत आला तसं मला वाटलं, रंग थोडा उतरलाय. लाल होता तो विटकरी झाला होता, आणि कडेला, पातेल्याला जिथं लागत होता तिथं, हिरवट-काळी रेघ दिसत होती. मी म्हटलं, कांदा-लसणानं होत असेल. चमचा बुडवला, फुंकला, जिभेवर ठेवला.

थू करून मी ते अंगणातच टाकलं. तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी चव होती, आणि घशात ती तशीच चिकटून बसली. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं ना, तसं सगळं पातेलं कळकलं होतं.

माझा आवाज ऐकून भाभी भिंतीवरून डोकावल्या, मग फाटकातून आतच आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. उलथण्याच्या टोकानं पातेल्याच्या आतली कड खरवडली, तर खाली पिवळंजर्द पितळ चकाकलं. कल्हई कधीच गेली होती. उरलीसुरली होती ती मी चिंच-मिठानं घासून काढली होती.

"ताई, मला सकाळीच दिसलं व्हतं," भावजय मागून म्हणाली. इतकं हळू, की आधी मला वाटलं ती स्वतःशीच बोलतेय. "बुडाला पितळ उघडं पडलं व्हतं."

मी गर्रकन वळले. दिसलं होतं तर सांगितलं का नाहीस, हे मी कितीतरी मोठ्यानं विचारलं असणार, कारण समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. ती खाली बघत उभी होती. मग तिनं सांगितलं. पातेलं आत्याबाईंनी दिलेलं. आत्याबाई म्हणजे तिची सासू, म्हणजे माझी आई. सासूनं लेकीला दिलेल्या भांड्याला सुनेनं नणंदेसमोर नाव कसं ठेवायचं. आणि ताई एवढ्या शिकलेल्या, त्यांना दिसलं असंलच, असंही तिला वाटलं होतं.

मी पुन्हा तोंड उघडलं. भाभींनी हातानंच मला थांबवलं.

"मॅडम, तुम बोलने दिए क्या उसकू?" त्या म्हणाल्या. "सुबू से सुन रई मैं दीवार के उधर से. आवाज एकीच की आ रई."

मला एवढं लागलं की मी पायरीवर जाऊन बसले. शाळेत पोरं गप्प असतात तेव्हा मी त्याला शिस्त म्हणते. घरची माणसं गप्प असतात तेव्हा त्याला मान म्हणते. वर्गात सुद्धा एखाद्या पोराला माझी फळ्यावरची चूक दिसली असेल आणि त्यानं ती वहीत तशीच उतरून घेतली असेल, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. लाज वाटली. भावाच्या हसण्याचा मला राग आला होता, आणि इकडं मी दिवसभर तिला तोंड उघडू दिलं नव्हतं.

भावजयीनं मात्र पदर खोचला, पातेलं एका बाजूनं स्वतः धरलं, दुसऱ्या बाजूनं मला धरायला लावलं, आणि आम्ही तो सगळा सॉस मागच्या खड्ड्यात ओतून दिला. मग ती जाऊन उरलेल्या दोन कॅरेटपाशी बसली आणि वरचे टमाटे हातानं फिरवून बघू लागली. रडली नाही. एवढंच विचारलं की दोन कॅरेटमध्ये तीस माणसांपुरता होईल का. भाभी म्हणाल्या, आरामात होईल, पण पातेल्याला कल्हई पाहिजे. आणि कल्हईवाला कुठं बसतो ते सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पातेलं रिक्षात घालून आम्ही दोघी निघालो. रिक्षावाल्यानं आधी पातेल्याकडं, मग आमच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं सरकून बसला. रस्ताभर मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलायचं नाही म्हटल्यावर किती बोलावंसं वाटतं, ते तेव्हा कळलं. मग क्रांती चौकाच्या पुढं कुठंतरी ती आपणहून बोलायला लागली.

तिनं टमाटेच का लावले, ते सांगितलं. माहेरी तिच्या आईकडं परसात चार झाडं असायची. शाळेतून आली की ती आधी तिकडं जायची, मग घरात. अठरा वर्षं तिनं भावाच्या रानात कांदा लावला, काढला, कापूस वेचला. "पण ते सगळं ह्यांचं व्हतं, ताई. मी निस्ती कामाला." टमाट्याचं रोप ज्या दिवशी लावलं, त्या दिवशी ती संध्याकाळी एकटीच बांधावर बसून राहिली. काही काम नव्हतं, निस्तं बघत बसली. सोमवारी तिथं रोटा फिरला तर फळं जातील याचं तिला एवढं वाटत नव्हतं. मागच्या वर्षी तिनं कसंबसं तोंड उघडून मागितलं होतं, पुन्हा मागायला तिची जीभ रेटणार नव्हती.

मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वाऱ्यानं आलं असं दाखवायची सोय होती.

गुलमंडीच्या मागच्या एका बोळात तो कल्हईवाला बसला होता, दाढी पांढरी, बोटं काळी. त्यानं पातेल्यात हात फिरवला आणि कितने साल हुए, असं विचारलं. मी आकडा सांगायचं टाळलं. मग त्यानं निखाऱ्यांवर पातेलं आडवं धरलं, भाता चालवला, आणि पितळ तापून वेगळ्याच रंगाचं दिसू लागल्यावर आत नवसागराची पूड टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, डोळे चुरचुरले, आम्ही दोघी खोकत मागं सरलो आणि पुन्हा पुढं आलो, कारण बघायचंच होतं. कथलाचा एक एवढासा तुकडा त्यानं आत फिरवला, कापसाच्या बोळ्यानं पुसला, आणि पिवळं पातेलं आतून सरसर पांढरं होत गेलं. काठ, पोट, बूड. मी हे लहानपणी शंभरदा बघितलं असेल, पण त्या दिवशी टाळ्या वाजवायच्या बाकी राहिल्या होत्या.

कल्हईवाल्यानं पाणी मारलं आणि पातेलं भावजयीपुढं धरलं, चेहरा बघून घ्या म्हणाला. तिनं वाकून बघितलं. काल जिथं ती वाकून गप्प राहिली होती तिथंच ती आज हसत होती.

येताना गुलमंडीतून पोटलीसाठी अर्धा मीटर मलमल घेतली. दुकानाबाहेर आल्या आल्या ती म्हणाली, "ताई, नवं कापड हाय. खळ काढावी लागंल, नायतर सॉसला खळीचा वास यील." तिनं मला सुधारलं, भर रस्त्यात. मला त्या मलमलीचा तिथंच मुका घ्यावासा वाटला.

दुपारी दुसरी भट्टी लागली. या वेळी मी ठरवून ढवळायचं काम घेतलं, कारण ढवळताना दम लागतो आणि दम लागला की बोलता येत नाही. भाभी पोटली घेऊन आल्या, म्हणजे पोटलीतलं सामान घेऊन आल्या. दालचिनी, लवंगा, मिरे, मोठी वेलची, शहाजिरं. प्रत्येक जिन्नस त्यांनी भावजयीच्या तळहातावर ठेवला, तिला माप कळावं म्हणून, आणि बांधायला सुद्धा तिलाच लावलं. मी लांबून मान उंचावून बघत होते.

टमाटे चिरता चिरता भावजय थांबली. पाच-सहा टमाटे तिनं बाजूला काढले. म्हणाली, वांगं भाजतो तसे थोडे टमाटे भाजून घातले तर. माझ्या ओठांवर नको आलं होतं, अगदी दातांपर्यंत. सॉसमध्ये भाजलेलं कोण घालतं. मी उलथणं घट्ट धरलं आणि म्हटलं, तुझे टमाटे आहेत, घाल.

तिनं अंगणातच तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि निखारा पडल्यावर टमाटे त्यात ठेवले. सालं काळी पडून फुटली, रस निखाऱ्यावर सांडून चुर्र झाला आणि असा वास सुटला की भाभींनी भिंतीपलीकडं जाऊन आणलेली सुपारी हातातच धरून ठेवली. मग एकटीनंच तिनं आणखी वीस टमाटे भाजले. काळी सालं अर्धी काढली, अर्धी तशीच ठेवली, आणि सगळं पुरणयंत्रातून फिरवलं.

मग आटवणं. पातेल्यातून लाल थेंब उडत होते, माझ्या हातावर, चष्म्यावर, भिंतीवर. भाभींनी ताटली आणायला सांगितली. सॉस झाला की नाही ते ताटलीत कळतं, थेंब टाकायचा आणि ताटली तिरपी करायची. थेंबाच्या कडेला पाणी सुटलं तर अजून शिजायचाय. पहिल्या थेंबाला पाणी सुटलं. दुसऱ्याला सुटलं. मला घाई झाली होती, मी म्हटलं बास झालं.

"नाय झालं," भावजय म्हणाली. "ढवळा तुम्ही."

मी ढवळलं. हात भरून आले होते आणि मला गंमत वाटत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी तिनं थेंब टाकला तो टाकल्या जागी बसून राहिला, गोल, घट्ट, कडेला पाण्याचा टिपूस नाही. तिनं उरलेली साखर घातली, मीठ घातलं, सिरका घातला, पोटली काढून दोन चमच्यांत पिळली. रंग लाल होता. कालच्यासारखा विटकरी नाही, टमाट्याचाच लाल, थोडा गडद.

भाभींनी बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले, पुन्हा चाटलं. भाभींचा सॉस तीस वर्षं तसाच आहे, त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत. "ये भूनने का मेरेकू भी सिखाव," त्या भावजयीला म्हणाल्या. मी तर इतकी जोरात ओरडले की समोरचं कुत्रं पुन्हा भुंकलं, पण या वेळी मला कुणी काही म्हणालं नाही. सॉस आधी जरा आंबट लागायचा, मागून गोड, मग मिरची, आणि सगळं गिळून झाल्यावर घशात तो निखाऱ्याचा वास राहायचा. उकळलेल्या बाटल्यांत आम्ही तो गरम गरम भरला. सतरा बाटल्या झाल्या. एक भाभींची.

रविवारी रानात सकाळपासून आगटी पेटली होती. भावाची तीस म्हणता चाळीस माणसं जमली. भावकीतली, त्याच्या मित्रांची, शहरातून गाड्या करून आलेली. कणसं निखाऱ्यात भाजून हातावर चोळली जात होती, हिरवा हुरडा पत्रावळीवर पडत होता, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. भावजयीनं भजी तळून ठेवली होती आणि पत्रावळी-पत्रावळीवर सॉसचा एकेक चमचा वाढत ती पुढं सरकत होती. वाढून झाल्यावर आगटीपाशी येऊन बसली आणि काठीनं निखारे सारखे करू लागली. मी तिच्यासमोरच बसले होते. पलीकडं तिचं वीस गुंठे दिसत होतं, बांबूंच्या ओळी, आणि त्याच्या बांधाला लावून ठेवलेला ट्रॅक्टर, मागं रोटा जोडलेला.

पहिल्यांदा पोरं आली, सॉस संपला म्हणून. मग त्यांच्या आया आल्या. मग भावाचे एक जाडजूड मित्र भज्याशिवायच नुसता सॉस भाकरीला लावून खाताना दिसले. कुणीतरी ओरडून विचारलं, कुठून आणला रे, कोणत्या कंपनीचा आहे. मी हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"कंपनीचा कसला," भाऊ उठून उभा राहिला, छाती पुढं काढून. "आमच्या ताईनं तिच्या घरी केलाय. ताईच्या हातालाच चव हाय."

चाळीस माणसांच्या माना माझ्याकडं वळल्या. वा ताई, काय सॉस केलाय, रेसिपी द्या, असं सगळीकडून सुरू झालं. मी भावजयीकडं बघितलं. तिच्या हातातली काठी थांबली होती. मान खाली होती, गुरुवारी पातेल्यात वाकली होती तशी.

माझ्याकडं वाक्यं तयार होती. गुरुवारीच पाठ केलेली, एकाहून एक झणझणीत. आणि भावानं ती ऐकली असती, कारण ताई बोलली की तो ऐकतो, लहानपणापासून ऐकत आलाय. रोटा सुद्धा त्यानं ताईच्या शब्दावर बाजूला घेतला असता. तेच मला नको होतं. मी दोन्ही ओठ दाताखाली धरले. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलं नसेल. लोक माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि मी नुसती बसून होते.

मग भावजय काठी टाकून उभी राहिली.

"ताईंनी नाय केला," ती म्हणाली. तिचा आवाज मागच्या माणसालाही ऐकू गेला. "ताईंनी केलेला पहिला कळकला, तो वतून दिला. ह्यो मी केलाय. टमाटे बी माझेच हायत."

एकदम हशा पिकला. माझ्या चुलत भावाला ठसका लागला, त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. माझ्यावर एवढे लोक एका वेळी कधी हसले नव्हते, आणि मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. हशा ओसरला तरी ती बसली नाही. ती भावाकडं बघत होती.

"मानसं चांगलं म्हणली," ती म्हणाली. "उद्या रोटा घालायचा नाय."

भावानं माझ्याकडं बघितलं. अडला की तो माझ्याकडंच बघतो. मी समोरच्या पत्रावळीतला हुरडा मुठीनं उचलला, तोंडात बकाणा भरला आणि चावायला लागले.

"नाय घालत," शेवटी तो म्हणाला, तिच्याकडं बघून.

ती खाली बसली आणि आगटीतली कणसं फिरवू लागली. माझ्या तोंडातला हुरडा कधीच संपला होता, तरी मी चावतच होते.